दारातून दिलेली वाक्यं

जिन्यावर पाऊल वाजलं की बाई दचकायच्या. पाऊल कुणाचंही असो. दूधवाल्याचं असो, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं असो, बाईंचा हात होता तिथे थांबायचा आणि कान जिन्याकडे लागायचे. रविवारी तर विचारूच नका. रविवारी सकाळपासून त्यांचं अर्धं लक्ष शेगडीवर आणि अर्धं कडीवर असायचं, आणि त्या भानगडीत एखादं भांडं हमखास करपायचं.

भ्यायच्या कुणाला, तर एका नर्सला आणि तिच्या भावाला. म्हणजे नवऱ्याच्या मुलांना. आता सावत्र मुलांना भिणारी सावत्र आई म्हटलं की लोक हसणार. गोष्टींमध्ये सगळं उलटं असतं ना! आई कजाग आणि पोरं बिचारी. इथे पोरं चांगली चाळिशीच्या आसपासची, कमावती, स्वतःच्या घरची. आई साठी ओलांडून नवी नवरी झालेली. बिचारी कोण म्हणाल तर तीच.

बाईंचं सगळं आयुष्य नाटकाच्या विंगेत गेलं. त्या नटी नव्हत्या, प्रॉम्प्टर होत्या. स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला स्टूल टाकून बसायचं, मांडीवर संहिता उघडायची आणि नट कुठे अडकला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. काम सोपं वाटतं. करून बघा एकदा. शब्द असा द्यायचा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नये. आवाज नाहीच वापरायचा, नुसता श्वास आणि ओठ. टाळ्या पडल्या तर नटाला, गोंधळ झाला तर शिव्या बाईंना. पण बाई खूश होत्या. उजेडात जायचं त्यांच्या जिवावर यायचं. लग्न राहून गेलं तेही बहुधा त्यामुळेच. मुलीला पाहायला माणसं यायची आणि मुलगी दाराआड उभी राहून आतल्या आत त्यांची पुढची वाक्यं ओळखत बसायची.

मिस्त्री त्याच नाटक कंपनीतले. सेट उभारणारे सुतार. दिवसा खोटे वाडे उभे करायचे आणि रात्री पाडायचे, असं ते स्वतःच म्हणायचे. बायको गेल्यावर त्यांनी काही वर्षं कशीबशी काढली. मग एकदा तालमीच्या हॉलमध्ये बाईंचं डुगडुगणारं स्टूल दुरुस्त करता करता, तोंडात खिळे धरलेले असतानाच त्यांनी विचारलं, "बाई, माझ्याकडे राहायला येता का?" बाईंना वाटलं, विनोद करतायत. मिस्त्रींनी खिळे काढून पुन्हा विचारलं.

लग्न झालं ते सह्या करून. मुलगा आला, मुलगी आली. मुलाने मिठाई आणली. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, मोठ्या आवाजाचा, उगाच हसणारा. मुलगी हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर. ती हसली नाही. बाईंच्या नजरेला नजर द्यायची तिने टाळलं, आणि निघताना दारात चपला घालता घालता, कुणाकडेच न बघता म्हणाली, "बघू, किती दिवस जमतंय."

ते वाक्य बाईंच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. रोज कुठल्या तरी कामात ते वर यायचं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. बघू किती दिवस जमतंय. बाई दोन बॅगा घेऊन या घरात आल्या होत्या. घर पहिल्या बायकोचं, कपाटं तिची, चमचेसुद्धा तिचेच. मुलीकडे घराची किल्ली होती, कधीही कुलूप उघडून आत येऊ शकायची. बाई पाहुण्यासारख्या वावरायच्या. पंखा लावतानासुद्धा मिस्त्रींना विचारायच्या.

"अहो, तुमचंच घर आहे," मिस्त्री वैतागायचे. "सेट नाहीये हा. टेकलात तर पडणार नाही."

मिस्त्री बाईंना बाईच म्हणायचे आणि बाई त्यांना मिस्त्री. लग्नानंतर बदलून बघितलं, दोघांनाही हसू यायला लागलं, मग सोडून दिलं. दिवस चांगले जात होते. या वयात आपल्याला कुणी चहा करून देईल असं बाईंना वाटलं नव्हतं, आणि हा माणूस सकाळी चहा करून उशाशी आणून ठेवायचा. बाई मनातल्या मनात सुखावायच्या आणि लगेच घाबरायच्या, की आता हे कुणाच्या डोळ्यावर येणार.

मग एक दिवस दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेली. दाराची बिजागरी आणायला. मिस्त्रींनी काउंटरवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि थांबले. सगळी उमर ज्या वस्तूंमध्ये गेली त्यातली एक वस्तू मागायची होती. दुकानदार वाट बघत होता. मिस्त्रींचा हात हवेत उघडझाप करत होता, दार उघडावं आणि मिटावं तसा. बाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांनी काही ठरवलं नाही, विचारही केला नाही. ओठ आपोआप हलले.

"बिजागरी."

"बिजागरी," मिस्त्री म्हणाले. मागे वळूनही न बघता. एखादा मुरलेला नट शब्द उचलतो तसा त्यांनी तो उचलला, आणि पुढे पितळी का लोखंडी यावर दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस केली. घरी येईपर्यंत बाईंना बरंच वाटत होतं. काम जुनं, हात बसलेला. घरी आल्यावर पिशवी ठेवताना मात्र त्यांना भीती वाटली.

कारण असले नट त्यांनी पाहिले होते. आधी एक शब्द जातो, मग वाक्य, मग पूर्ण प्रवेश. शेवटी कंपनी गोड बोलून दुसरा माणूस घेते.

त्यानंतर शब्द सटकतच गेले. मिस्त्री करवतीला 'ते दातांचं' म्हणू लागले. एकदा खिळे आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत येऊन 'बाजार बंद आहे' म्हणाले, भर दुपारी. बाईंनी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं बोलून पाहिलं, मिस्त्रींनी उडवून लावलं. आणि खरं सांगायचं तर बाईंनीही फार ताणून धरलं नाही. डॉक्टर म्हणजे हॉस्पिटल, हॉस्पिटल म्हणजे मुलगी. मुलीला कळलं की ती काय म्हणणार हे बाईंना तोंडपाठ होतं. तुम्हाला झेपणार नाही. बाबांना आम्ही घेऊन जातो. आणि त्यांची अशी अवस्था होती तेव्हाच तुम्ही सही करून घेतलीत का? या शेवटच्या प्रश्नाने तर बाईंचं धाबं दणाणायचं. त्याला उत्तर काय देणार? नाही म्हणून सांगितलं तरी ऐकणार कोण?

म्हणून बाईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. संहिता हातात घेतली.

मुलं दर रविवारी जेवायला यायची. शनिवारी सकाळी तालीम असायची. बाई भाजी निवडायला बसायच्या, मिस्त्री समोर. उद्या कोण येणार? मुलगी. ती काय करते? हॉस्पिटलात. मुलाचं काय दुखतं? गुडघा. नातू कितवीत? मिस्त्री मधेच मिश्कीलपणे म्हणायचे, "आणि माझी भूमिका काय? मी यात कोण?" बाई हसायच्या. हसून झाल्यावर भाजीत डोकं घालायच्या, कारण त्यांना कधीच नक्की कळायचं नाही की हा विनोद आहे का प्रश्न.

रविवारची मांडणी ठरलेली. मिस्त्री टेबलाच्या त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. मुलीची खुर्ची त्यांच्या समोर, म्हणजे दाराकडे पाठ. मुलगा कडेला, तो जेवताना ताटातून मान वर काढत नसे. आणि बाई दारात. हातात फडकं. "तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते," हे त्यांचं कायमचं पालुपद. मुलगा सुरुवातीला म्हणायचा, "बसा ना तुम्हीपण." मग त्यानेही नाद सोडला. मुलीच्या डोक्यावरून मिस्त्रींना बाईंचे ओठ दिसायचे.

"बाबा, कसे आहात?"

मिस्त्री दाराकडे बघायचे. बाईंचे ओठ हलायचे. "मजेत. तुझी ड्यूटी कशी चाललीये?"

बाई दोन शब्दच द्यायच्या, उरलेलं मिस्त्री स्वतः रचायचे. रंग भरायला अजून जमत होतं त्यांना. जेवण उरकून मुलं जिना उतरली की बाईंचा जीव भांड्यात पडायचा आणि त्या तिथेच स्वयंपाकघरात खाली बसायच्या.  मिस्त्री बाहेरून विचारायचे, "बाई, कोण आलं होतं हो?"

एकदा मुलगी आली आणि बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिचं तोंड आता सरळ दाराकडे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्यांनी मिस्त्रींच्या समोरच्या खिडकीतल्या कुंड्यांना जेवण होईपर्यंत पाणी घातलं. पाणी खाली फरशीवर वाहायला लागलं तरी त्या घालतच होत्या, आणि झाडांच्या पानांमधून शब्द देत होत्या. मुलाने पाय वर घेऊन जेवण संपवलं.  पुढच्या रविवारी मुलगी आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. बाईंना वाटलं, सुटलो.

आणखी एका रविवारी मुलगी रात्रपाळी करून थेट आली होती. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. बाईंनी दारातून पाहिलं आणि तालमीत नसलेलं एक वाक्य मिस्त्रींना दिलं. मिस्त्री म्हणाले, "थकलेली दिसतेस गं." मुलीचा घास हातातच राहिला. मग तिने मान खाली घातली आणि जेवायला लागली.

असे कितीतरी रविवार गेले. भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली. कारण द्यावे लागणारे शब्द वाढत चालले. मिस्त्री आता प्रत्येक वाक्याला दाराकडे बघायचे.

मग तो रविवार आला. मुलगी आली, हातपाय धुऊन बसली, पण ताटाला हात लावला नाही. कोपरं टेबलावर टेकवून बापाकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी लहान असताना तुमच्या रंगाच्या पिंपात पडले होते. आठवतंय? ती गोष्ट सांगा ना."

 ही गोष्ट बाईंना माहीत नव्हती. माहीत असणार कशी? ती त्या या घरात यायच्या आधीची. त्या काळाची संहिता त्यांच्याकडे कुणी दिलीच नव्हती. नातू, गुडघा, ड्यूटी, शेजारी, सगळं पाठ करून घेतलं होतं, आणि ही मुलगी रंगाचं पिंप काढून बसली.

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. बाईंकडे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. बाईंनी फडकं दोन्ही हातांनी पिळलं. मुलानेही आज मान वर केली होती. मग मिस्त्रींनी नजर काढून घेतली. त्यांनी चमचा ठेवला आणि टेबलाच्या लाकडावरून बोटं फिरवू लागले, हळूहळू, पॉलिश तपासताना फिरवायचे तशी.

आता इथे बाईंची चूक झाली, आणि ही चूक प्रॉम्प्टरच करू शकतो. नट विंगेकडे बघतो तेव्हा तो अडकलेला असतो. नट विंगेकडे बघायचं थांबवतो तेव्हा त्याला तुमची गरज नसते. तो थांबलाय, अडकलेला नाही. नवीन पोरं-पोरी हाताखाली शिकायला यायच्या तेव्हा बाई त्यांना पहिल्या दिवशी हेच घोकून घ्यायला लावायच्या. पण भीतीने माणसाचं शिकलेलं सगळं धुऊन निघतं. मिस्त्रींचे ओठ उघडले, काहीतरी येत होतं, आणि बाईंना ती शांतता सहन झाली नाही.

"निळा," त्यांनी शब्द दिला. अंदाजाने. काहीतरी द्यायचं म्हणून. आणि घाबरल्यामुळे तो श्वास जरा मोठाच निघाला.

मिस्त्रींनी दचकून दाराकडे बघितलं. टेबलावरची बोटं थांबली. "निळा," ते आज्ञाधारकपणे म्हणाले. "निळा रंग होता."

मुलगी जागची हलली नाही. मागे वळूनही तिने बघितलं नाही.

"हिरवा होता, बाई," ती म्हणाली. "आणि ते आत्ता स्वतः सांगणार होते."

बिंग फुटलं.  मुलगी उठली, खुर्ची आत सारली, भावाला म्हणाली, "बाबांना वाढ," आणि सरळ स्वयंपाकघरात आली. आपल्यामागे तिने दार ओढून घेतलं. बाई मागे मागे सरकत ओट्याला टेकल्या. इतकी वर्षं बोलणाऱ्यांच्या आड उभं राहिल्यावर आता आड काहीच नव्हतं.

"मी औषधं वेळेवर देते," बाईच आधी बोलल्या, एका दमात. "बीपीची, साखरेची, सगळी. एकटं बाहेर सोडत नाही. रात्री दाराला आतून कडी घालते. तुम्ही म्हणाल ते करीन, डॉक्टरकडे उद्याच नेते. माझं सामान दोन बॅगा आहे, घरातलं मला काहीसुद्धा नको. पण त्यांना नेऊ नका."

मुलगी बघतच राहिली. "नेऊ? कुठे?"

"तुमच्याकडे."

मुलीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. कुणीतरी खांदे दाबून बसवावं तशी बसली. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

बाईंनी बिजागरीची गोष्ट सांगितली. 

"आणि तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

 बाहेर मुलगा मोठमोठ्याने बापाला लिफ्टमध्ये अडकलेल्या कुठल्याशा वऱ्हाडाची गंमत सांगत होता.

"लग्नाच्या आधीपासून," मुलगी म्हणाली.

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आम्ही तपासण्या केल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वाढत जाणार. त्याच महिन्यात बाबा घरी येऊन म्हणाले, मी लग्न करतोय. मी म्हटलं, त्या बाईंना सांगायला हवं. भाऊ म्हणाला, सांगितलंस तर त्या कशाला हो म्हणतील? बाबा किती दिवसांनी हसतायत, बघतेस ना. दोन दिवस भांडलो आम्ही. शेवटी मीही गप्प बसले. तुम्ही सही करत होतात ना, तेव्हा मला तुमच्याकडे बघवत नव्हतं."

"बघू किती दिवस जमतंय, म्हणालात तुम्ही."

"मग काय म्हणणार? तेच डोक्यात होतं. दर रविवारी जिना चढताना मला वाटायचं, आज दार उघडेल आणि तुम्ही म्हणाल, कळलं मला, फसवलंत तुम्ही, घेऊन जा तुमच्या बापाला. बेल वाजवायच्या आधी मी दाराबाहेर उभी राहायचे. आत तुमच्या भांड्यांचा आवाज आला की बरं वाटायचं, चला, अजून आहेत."

म्हणजे दाराच्या आत एक घाबरलेली आणि बाहेर दुसरी. बाईंना हसू यायला हवं होतं. आला तो राग. सबंध जन्मात आला नसेल असा राग, पायापासून चढत आला.

"म्हणजे मला बनवलंत," बाई म्हणाल्या. "मी इथे रोज जीव मुठीत धरून जगले. चोरासारखी. माझ्याच घरात. आणि चोरी तुमची होती."

आवाज चढवायची सवय नव्हती, त्यामुळे हे सगळं त्या कुजबुजत्या आवाजातच बोलल्या. पण तो प्रॉम्प्टरचा कुजबुजता आवाज. बाहेर लिफ्टची गंमत मध्येच थांबली.

"हो," मुलगी म्हणाली. पुढे सारवासारव नाही, काही नाही.

"त्यांना ठाऊक होतं? मला विचारलं तेव्हा?"

"डॉक्टर त्यांच्यासमोरच बोलले होते. आता त्यातलं त्यांच्या किती लक्षात राहिलं होतं..." मुलीने हात उलटे केले. "ते मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. आता विचारून उपयोग नाही."

बाईंना ते खिळे आठवले, तोंडातून काढलेले, आणि त्यांनी तो विचार घाईघाईने बाजूला सारला. त्यावर रडायला आख्खं आयुष्य पडलं होतं.

"एक खोली रिकामी करून ठेवलीये मी," मुलगी म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर आज नेते. तुमचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही, मी म्हणू देणार नाही. पुढे फार अवघड होणार आहे. वॉर्डात मी रोज बघते. ते तुम्हाला ओळखणार नाहीत. मारायलासुद्धा धावतील कदाचित. तुम्ही तर त्यांच्यासोबत धड संसारही केलेला नाही."

आणि बाईंना क्षणभर वाटलं, ने. ने बाई. मला झोप हवी आहे. ते वाटलं मात्र, आणि त्या अशा घाबरल्या की त्यापुढे आजवरची सारी भीती काहीच नव्हती. ही मुलगी आपल्याकडून त्यांना ओढून नेईल म्हणून त्या इतके दिवस दार लावून उभ्या होत्या. आता दार सताड उघडं होतं, कुणी ओढत नव्हतं, आणि त्यांचा स्वतःचाच हात सुटू बघत होता. असा आपला हात आणखी किती वेळा सुटू बघेल, त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते इथेच राहतील. मी आहे."

"विचार करून सांगा."

"विचार केला तर वेगळं सांगेन. म्हणून आत्ताच सांगते."

मुलीने डोळे पुसले, नाकही पुसलं, बाईंच्याच फडक्याला. मग म्हणाली, "मग माझं एक ऐका. त्यांना शब्द देऊ नका. मी असताना तरी देऊ नका."

"अहो, ते अडकतात. केविलवाणे होतात. तुम्हाला बघवणार नाही."

"मला तेच बघायचंय. पहिल्या रविवारीच कळलं होतं मला. बाबा माझ्या डोक्यावरून कुणाकडे बघतायत हे न कळायला मी काय लहान आहे? तेव्हापासून माझे बाबा माझ्याशी बोललेलेच नाहीत. तुम्ही बोलताय. कशी आहेस, तुम्ही. ड्यूटी कशी चाललीये, तुम्ही. त्यांना माझं काय आठवतं आणि काय गेलं, हे तुम्ही मला कळूच दिलं नाहीत." ती थांबली. "थकलेली दिसतेस, तेही तुम्हीच ना?"

बाईंनी मान डोलावली.

"मी घरी जाऊन रडले होते त्या दिवशी. वाटलं, निदान हे तरी बाबांना स्वतःला दिसलं."

 दिसलं होतं ते बाईंना स्वतःला, पण हे आता सांगून काय करायचं होतं? एका मुलीकडून तिचा बाप काढून घेतला होता त्यांनी, दर रविवारी दोन-दोन शब्दांनी. आणि त्यांना वाटत होतं, आपण घर सांभाळतोय.

दोघी बाहेर आल्या. मुलगा ताटाकडे बघत बसला होता, कान लालबुंद. त्याने उठून बाईंसाठी खुर्ची ओढली, तोंडाने काही न बोलता. रविवारी त्या टेबलाशी बाई पहिल्यांदा बसल्या. मुलीशेजारी, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून.

मिस्त्रींनी दोघींच्या डोक्यांवरून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बावरत गेला, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा. बाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं. मजेत. ड्यूटी कशी आहे. नातू कसा आहे. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ओठ दातांत पकडले.  स्टेजवर अशी शांतता पडली असती तर पडदा पाडला असता एव्हाना.

शेवटी मिस्त्रींनी दाराचा नाद सोडला आणि समोर बघितलं. मुलीकडे. बराच वेळ बघितलं.

"तुमचं नाव काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. अगदी अदबीने, नव्या माणसाला विचारतात तसं.

मुलाचा चमचा ताटावर आपटला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मुलीने आपलं नाव सांगितलं, सावकाश.

"अरे वा," मिस्त्री म्हणाले. "माझ्या मुलीचं हेच नाव."

"हो का?" मुलगी म्हणाली. आवाज ठीक लागला तिचा. वॉर्डातली सवय असेल. "कशी आहे ती?"

मिस्त्री विचार करू लागले. दाराकडे नाही बघितलं. बोटं पुन्हा लाकडावरून फिरू लागली. हुशार आहे, बाई मनात म्हणत होत्या, लाडकी आहे म्हणा, काहीतरी चांगलं म्हणा हो.

"चिडकी आहे," मिस्त्री म्हणाले. "लहानपणापासून. आणि आता कशानेतरी घाबरलेली असते. मला सांगत नाही." मग त्यांनी मान डोलावली. "पण येते. रविवारी येतेच."

 टेबलाखालून मुलीचा हात आला आणि बाईंचा मांडीखाली दाबलेला हात शोधून त्याने तो घट्ट धरला. 

मिस्त्रींना एकदम काहीतरी लक्षात आलं. ते पुढे झुकले. "बाई, आज रविवार ना? तिच्यासाठी जेवण ठेवलंय का?"

"ठेवलंय," बाई म्हणाल्या. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि मोकळ्या हाताने त्यांनी मुलीचं ताट तिच्यापुढे सरकवलं.